सहाव्या भागातली दोन पानं

"नळाला चार दिवस पाणी नाही, आणि यांच्या पलंगावर रोज समुद्र!"

पडद्याआडून शिवलीला बोलली. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली, की नेमकं ऐकू जाईल एवढंच हळू बोलली, हे मला कधी ठरवता आलं नाही. मागोमाग पातेलं आपटलं.

बाई हसल्या. "भरती आली बघ सुगंधा. वाच पुढे, आपण बुडायच्या आत."

बारा वर्षं झाली या गोष्टीला. बाई म्हणजे महानंदा तोडकरी. बार्शीत नगरपालिकेच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या, आणि तेव्हा काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेल्या. शिवलीला ही त्यांच्या भाच्याची, मल्लिनाथची बायको. दोघं पुण्याहून आली होती ती बाईंचं घर आवरायला. त्याच आठवड्याच्या रविवारी बाईंना कायमचं पुण्याला न्यायचं ठरलं होतं. आणि मी रसाळकाकांच्या वाचनालयाची पुस्तकं लूनावरून घरोघर पोचवणारी. नववी नापास. वाचायला लागले ती नापास झाल्यावरच. शाळा होती तोवर सवड मिळाली नव्हती.

पुस्तक वाचून दाखवणं हे काही माझं काम नव्हतं. पण नजर गेल्यावर एक दिवस बाईंनी नेहमीसारखं पुस्तक हातात घेतलं, पानांवरून बोटं फिरवली आणि "परत ने" म्हणाल्या, ते मला बघवलं नाही. तेव्हापासून सगळी घरं झाली की दुपारी चार वाजता मी त्यांच्याकडे. दिवसभरात लोक माझ्याशी बोलायचे ते एवढंच: 'दुसरं आणा', 'हे वाचलंय', 'बेल वाजवू नका, बाळ झोपलंय'. त्याहून जास्त बाई एका कपभर चहात बोलायच्या. मी भावाच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होते. तिथे आवाज करायला फक्त पाण्याची टाकी होती, तीही भरली तर.

आम्ही वाचत होतो 'सात खाड्या'. सात भागांची जुनी मालिका, पुन्हा पुन्हा बांधून पाठीला कुबड आलेली. सगुणा तांडेल ही गलबताची मालकीण. बापामागे सुकाणू हाती घेतलेली, शिवी देण्याआधी डावी भुवई वर जाणारी. रेवा ही राजवाड्यातून पळून आलेली वैद्याची मुलगी. तिला पोहता येत नाही आणि ती हे कुणाला सांगत नाही. शिवाय गोपाळ नावाचा आचारी, जो वादळातही कालवणाचं मीठ चाखून बघतो, आणि मर्जान नावाचा गोलंदाज, जो तोफेला लेकीच्या नावाने हाक मारतो. लढाई कुठली, किल्ला कुणाचा, हे मी विसरून जायचे. माणसं विसरायचे नाही. पुस्तकांच्या पिशव्या पोचवताना भाजी मंडईच्या चौकात लूना बंद पडली की मनात म्हणायचे, आत्ता सगुणा असती तर हिला काय शिवी दिली असती. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण त्या गलबताची कुठली फळी करकरते ते मला ठाऊक होतं.

आणि मग सगुणा आणि रेवा. पहिल्या भागात त्या भांडतात. दुसऱ्यात एकमेकींचा जीव वाचवतात आणि त्यावरून भांडतात. तिसऱ्यात भांडण थांबतं, आणि काय सुरू होतं ते लेखकाने काही झाकून ठेवलेलं नाही. झाकलं ते आम्ही वाचणाऱ्यांनी. डॉक्टरीणबाई पुस्तक परत देताना म्हणायच्या, "किती निर्मळ मैत्री दाखवलीय, नाही?" पोस्टातून निवृत्त झालेले क्षीरसागर म्हणायचे, "लढाया झकास. मधली पानं आपण चाळतो." मी दोघांनाही "हो ना" म्हणायचे. बाईंना वाचून दाखवताना ती मधली पानं आली की माझी जीभ आपोआप उडी मारायची. दोन ओळी पदरच्या घालायच्या आणि पुढे जायचं. आंधळ्या म्हाताऱ्या बाई, मराठीच्या शिक्षिका, कपाळाला रोज विभूती. त्यांच्यासमोर कसं वाचणार?

रविवारच्या आधी बाईंना दोन गोष्टी उरकायच्या होत्या. एक, सहावा भाग संपवायचा. "सातवा राहिला तरी चालेल, त्यात नुसत्या लढाया," असं त्या म्हणाल्या, आणि हे त्यांना कसं ठाऊक, असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दगड.

सिस्टर एस्तेर साळवे दवाखान्यात नर्स होत्या. चाळीस वर्षं त्या बाईंबरोबर त्या दोन खोल्यांत राहिल्या. गावाने त्याला आपल्या सोयीची नावं दिली होती. सोबत आहे. भाडं वाटून घेतात. दोघींनाही कुणी नाही बिचाऱ्यांना. सिस्टरांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या कबरीचा दगड यल्लाप्पा पाथरवटाने नाव आणि तारखा घालून कोरला, आणि तिथेच अडला. त्या दफनभूमीत प्रत्येक दगडाच्या शेवटच्या ओळीत कुणी कुणासाठी दगड बसवला ते लिहायची पद्धत आहे. प्रिय पत्नीस. आईस, लेकरांकडून. सिस्टरांच्या दगडाची ती ओळ कोरी राहिली होती. यल्लाप्पा दर दोन-चार महिन्यांनी निरोप धाडायचा, बाई म्हणायच्या, "सांगते." तीन वर्षं दगड त्याच्या अड्ड्यावर उन्हात पडून होता. आणि आता बाई गाव सोडून निघाल्या होत्या.

त्या बुधवारी मी वाचत असतानाच मल्लिनाथ दारात आला. हातात सुतळी, अंगाला जुन्या पेपरांची धूळ.

"आत्या, शनिवारी यल्लाप्पाकडे जायचं. शेवटच्या ओळीचं काय ते ठरव आता."

"ठरवते."

"चर्चचे पाळक म्हणत होते, 'प्रिय भगिनी' घाला."

"तिला सख्ख्या बहिणी तीन होत्या. मातीला एकही आली नाही."

"मग मैत्रीण. साधं, सरळ."

बाईंनी पलंगाच्या चादरीची सुरकुती काढली. एकदा, दोनदा. मल्लिनाथने माझ्याकडे बघितलं, मी पुस्तकात बघितलं. शिवलीलाने आत नळ सोडून पाहिला, नळ नुसताच खाकरला.

"सुगंधा, वाच," बाई म्हणाल्या.

गुरुवारी गलबत बुडालं. खडकावर आपटून, सामानासकट. बुडणाऱ्या सगुणाला रेवा, जिला पोहता येत नव्हतं ती रेवा, फळीला धरून किनाऱ्याला ओढून आणते, तिथवर मी एका दमात वाचलं. मग पान उलटलं, आणि जीभ उडी मारायला तयार झाली.

"'मग... मग रेवाने तिला घोंगडी पांघरली. दोघी झोपी गेल्या. सकाळी उठून बघतात तो...'"

"घोंगडी कुठून आली?"

"अं?"

"गलबत सामानासकट बुडालं. गोपाळच्या मिठाचा डबा गेला, त्यावर तो अर्धं पान रडला. मग घोंगडी कुठून आली?"

"किनाऱ्यावर पडली असेल कुणाची तरी."

"खडकाचं बेट आहे ते. धनगर पोहत आला होता का?"

मी वाघमोड्यांची, धनगराचीच. एरवी हसले असते.

"किती पानं गाळलीस?"

"दोन."

"चौथ्या भागात?"

"तीन. आणि पाचव्यात एक परिच्छेद."

"दोन," बाई म्हणाल्या. "दुसरा तू वाचलास, पण सगुणाच्या जागी तिच्या भावाला उभं केलंस. तिला भाऊच नाही, सुगंधा."

माझे कान तापले. "तुम्ही वाचलंय हे सगळं."

"सदतिसावं पान उघड."

वाचनालयाच्या जुन्या सभासदांची एक खोड असते. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा आणू नये म्हणून ठरलेल्या एका पानावर प्रत्येक जण आपली बारीक खूण करून ठेवतो. डॉक्टरीणबाईंचं एकविसाव्या पानावर टिंब. क्षीरसागर नव्याण्णवातल्या एका नवाला शेपूट काढायचे. मला सगळ्यांच्या खुणा पाठ होत्या आणि त्याचा गर्वही होता. सदतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात बाईंची खूण होती, वही तपासतात तशी बरोबरची. तिला चिकटून अधिकचं बारीक चिन्ह. ते चिन्हही मी शेकडो पुस्तकांत पाहिलं होतं.

"ती शेजारची कुणाची वाटली तुला?"

"दवाखान्यातल्या कुणा डॉक्टरांची."

"डॉक्टर कसले! नर्सची." बाईंचा चेहरा क्षणभर पोरीसारखा झाला. "एक पान ती वाचायची, एक मी. संध्याकाळी, इथेच, या पलंगावर. तू गाळलीस त्यातलं मोठं पान तिच्या वाट्याला आलं होतं."

वर्षानुवर्षं त्या दोन खुणा एकाच पानावर, एकमेकींना टेकून बसलेल्या, आणि मी, सगळ्यांच्या खुणा ओळखणारी, त्यांना दोन वेगळ्या घरांत पाठवत होते.

"मग पुन्हा कशाला ऐकायचं होतं तुम्हाला?"

बाईंनी हात पुढे करून पुस्तकाची कड चाचपली.

"तीन वर्षं त्या दगडासाठी एक ओळ शोधतेय. सुचत नाही असं नाही. सुचते. तोंडातून निघत नाही. पुस्तकात होतं तोवर बरं होतं, पुस्तकात काय, कुणीही कुणाचंही काहीही असतं. म्हटलं, एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं. मोठ्याने, माझ्या घरात. म्हणून तुला पहिल्या भागापासून बसवलं. वर्षभर वाट बघतेय." मग जरा थांबून, "तुझी खूण कितव्या पानावर असते?"

"मी करत नाही. माझ्या लक्षात राहतं."

"हे सात भाग किती वेळा वाचलेस?"

"चार."

"आणि एक टिंबसुद्धा नाही." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. नजर नसलेल्या माणसाने आपल्याकडे बघितलं की डोळे चुकवायची सोय नसते. "कोण होती?"

"कोणी नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "वाच."

मी वाचलं. पहिल्याच ओळीला अडखळले, ती पुन्हा पहिल्यापासून घेतली. रेवा सगुणाच्या ओठांवरची वाळू बोटाने काढते. तिचा श्वास चालू आहे का बघते, आहे म्हटल्यावर तिला रागाने थोबाडीत मारते आणि मग रडते. "'तू वर आली नसतीस तर मी पोहायला शिकले असते,' रेवा म्हणाली. 'खालपर्यंत.' सगुणाने तिला जवळ ओढलं. दोघींच्या ओठांवर एकच मीठ होतं." तिथून पुढची दीड पानं मी एकही शब्द न गाळता वाचली. कुठेही आभाळ कोसळलं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"'मीठ' हळू म्हणायचं," बाई म्हणाल्या. "ती तिथे थांबायची."

मी ती ओळ पुन्हा वाचली. 'मीठ' हळू म्हटलं. थांबले.

पडद्याआडचा भांड्यांचा आवाज केव्हा थांबला होता कोण जाणे. शिवलीला चहाचे कप घेऊन आली, बाईंच्या हातात कप नीट बसवून दिला आणि आत गेली. मी निघाले तेव्हा मात्र पायऱ्यांपर्यंत मागोमाग आली.

"ह्यांना सगळं माहितीय हो," ती हळूच म्हणाली, आणि या वेळी खरंच हळू म्हणाली. "पाचवी ते दहावी इथेच होते ना शिकायला. दोघींनी वाढवलं. पण ते बोलत नाहीत, म्हणून मी बोलत नाही. मी बोलत नाही, म्हणून आत्या बोलत नाहीत. वीस वर्षं असंच चाललंय आमचं."

"आणि ओळीचं काय?"

"ते मैत्रीणच घालणार. त्यांना शोभेलसं हवं असतं सगळं."

शनिवारी सकाळी दहाला आम्ही यल्लाप्पाच्या अड्ड्यावर गेलो. माझं खरं तर काही काम नव्हतं, पण बाई गाडीत बसताना म्हणाल्या, "सुगंधा येईल," आणि मल्लिनाथने मागचं दार उघडलं. लातूर रस्त्याला लिंबाखाली अड्डा. पाटे, वरवंटे, एक अर्धवट नंदी, आणि भिंतीला टेकवलेला सिस्टरांचा दगड. यल्लाप्पाने ओल्या फडक्याने तो पुसला. पन्नाशीचा माणूस, पण बाईंसमोर हात मागे बांधून उभा राहिला. चौथीपर्यंत त्यांच्याच वर्गात होता.

"बोला बाई. आधी खडूनं मांडतो, मंग छिन्नी लावतो."

बाईंनी दगडावर हात ठेवला. बोटांनी नाव वाचलं. एस्तेर. त्यांचे ओठ हलले. मिटले. पुन्हा हलले. मी गुरुवारपासून वाट बघत होते की आता निघेल शब्द, ऐकलाय ना त्यांनी. नाही निघाला. समोर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर चार माणसं आमच्याकडे बघत बसली होती.

"आत्या, घाई नाही," मल्लिनाथ म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं. थोडा थांबला. मग म्हणाला, "यल्लाप्पा, लिही. 'प्रिय मैत्रिणीच्या स्मरणार्थ.' खाली आत्याचं नाव. चांगलं आहे, कुणी नाव ठेवणार नाही."

खडू चालायला लागला. करकर करत 'प्रिय' उमटलं. बाईंचा हात दगडाच्या कडेवर होता आणि खडूच्या प्रत्येक फटकाऱ्याला बोटं आत वळत होती. मी मनात म्हटलं, आपला काय संबंध. आयुष्यभर मी हेच म्हणत आले होते. एका लग्नात पंगतीला जिलबी वाढतानासुद्धा हेच म्हणत होते.

"पुसा ते," मी म्हणाले.

यल्लाप्पाचा खडू हवेत राहिला. "आँ?"

"पुसा. चुकलंय."

"सुगंधाताई," मल्लिनाथ म्हणाला, "हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"घरचाच आहे. चाळीस वर्षांचं घर होतं ते, दादा. सहा वर्षं तुम्हीही जेवलात त्यात."

तो माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "लोकांसमोर कशाला? आणि त्यांच्यात काय होतं, तुम्हाला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे." माझा आवाज काही खाली जाईना. "कारण माझंही होतं. निर्मला नाव तिचं. शिवणाच्या क्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. मी तिला कधी सांगितलं नाही, आणि ती लग्न होऊन सुरतेला गेली. मैत्रीणच म्हणत राहिले मी. बघा काय मिळालं. माझ्याजवळ कोरायला दगडसुद्धा नाही."

एक ट्रक गेला. त्याची धूळ दगडावर बसली. मागे गाडीजवळ शिवलीला पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती. मल्लिनाथने चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि तो तसाच हातात धरून राहिला.

"सिस्टर माझ्याकडून रात्री पाढे म्हणवून घ्यायची," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "आत्या दमलेली असायची म्हणून." मग यल्लाप्पाकडे वळला. "पुस."

यल्लाप्पाने फडकं फिरवलं. दगड पुन्हा ओला, काळा झाला.

"पुसलं. पन आता लिवू काय? एका ओळीत बसंल असं सांगा कुणीतरी. दगड दोन फुटी हाय."

माझ्याकडचं सगळं बोलून झालं होतं. मल्लिनाथने नकारार्थी मान हलवली.

बाई ताठ झाल्या. कित्येक वर्षांत मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. दगडावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि पदर खांद्यावर नीट केला.

"यल्लाप्पा."

"व्हय बाई."

"पुढचं सांगायच्या आधी मागचं लिहून घ्यायचं, काय सांगितलं होतं मी?"

"व्हय बाई. मागं पडू न्हाई देत आता."

"मग ऐक. मी सांगते तसं लिही."

आणि शुद्धलेखन घालतात त्या आवाजात, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत, रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सोडून, खडूची करकर थांबेपर्यंत वाट बघत बाईंनी सांगितलं:

"जिच्यावर... मी... प्रेम केलं... लिहिलंस? ...ती एस्तेर."